सोऱ्यापासून ई-२५० पर्यंत : परिरक्षकांचा वाद आला कुठून?

युस्टिनुस केर्नर कवी होता आणि दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमध्ये सरकारी डॉक्टरही होता. १८२० च्या सुमारास त्याच्याकडे एकसारख्या तक्रारींचे रोगी येऊ लागले. पापण्या मिटत चाललेल्या, एकाच्या दोन वस्तू दिसणाऱ्या, तोंडाला कोरड पडलेली. पुढे श्वास जड व्हायचा, पण शुद्ध शेवटपर्यंत कायम. बहुतेकांनी सॉसेज खाल्ले होते. केर्नरने दीडशेहून जास्त रोग्यांची नोंद केली, खराब सॉसेजचा अर्क काढला आणि थोडा स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. सॉसेजमध्ये हवेची पोकळी राहिली असेल तर विष तयार होत नाही, हेही त्याने टिपून ठेवले. कारण मात्र त्याला सापडले नाही, कारण जिवाणूंमुळे आजार होतो ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती.

ते सापडले १८९५ नंतर. बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वाद्यवृंदाने खारवलेले कच्चे हॅम खाल्ले आणि त्यातले तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या जिवाणूतज्ज्ञाने त्या हॅममधून आणि मृतांच्या शरीरातून जिवाणू वेगळा काढला. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलुस’ म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव बोटुलिझम पडले. या जिवाणूला हवा नको असते आणि त्याच्या विषाला बहुधा ना वास असतो ना वेगळी चव.

परिरक्षकांवर लिहायला बसलो की मी इथूनच सुरुवात करतो. हल्ली प्रिझर्व्हेटिव्ह म्हटले की आपल्याला फक्त त्या रसायनाचीच भीती वाटते. त्याआधी अन्नाचीच भीती होती, हे विसरता येते याचे कारण ती रसायने कामाला आली.

मांस टिकवण्यासाठी मिठात सोरा, म्हणजे एक नायट्रेट, मिसळण्याची पद्धत फार जुनी. सोरा घातला की मांस गुलाबी राहते, एवढेच लोकांना ठाऊक होते. १८९१ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ एडुआर्ड पोलेन्स्केने खारवणीचे पाणी तपासले, तेव्हा घातला होता नायट्रेट आणि सापडला नायट्राइट. पिंपातले जिवाणूच हा बदल घडवत होते. दहा वर्षांनी ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हाल्डेनने रंगाचा उलगडा केला. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो, तो मांसातल्या लोहयुक्त रंगद्रव्याला चिकटतो आणि शिजल्यावरही गुलाबी छटा उरते. मग पिंपातल्या जिवाणूंच्या मर्जीवर कशाला राहायचे, असा विचार झाला. १९२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने थेट नायट्राइट वापरायला परवानगी दिली, कमाल २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग. सोऱ्याच्या काळात प्रत्येक पिंपात वेगळे प्रमाण उतरायचे, कधी कधी धोकादायक इतके जास्त. त्या मानाने ही सुधारणाच होती. बोटुलिझमचा जिवाणू नायट्राइटमुळे वाढत नाही, ही बाब मात्र पुढे कळत गेली. एकच पदार्थ रंगही देतो आणि जीवही वाचवतो. यातले कुठले काम खरे आणि कुठली सबब, यावरून आजही भांडण आहे.

दरम्यान दुसरीकडे वेगळेच चालले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरे फुगली, दूध आणि मांस लांबून येऊ लागले आणि शीतकरण मोजक्यांनाच परवडत होते. दुधात फॉर्माल्डिहाइड, लोण्यात आणि मांसात टांकणखार, फळांच्या रसात सॅलिसिलिक आम्ल असा सगळा कारभार. मेलेल्या शरीराला लावायचे औषध बाळाच्या दुधात. आणि वेष्टनावर काही लिहायचे बंधन नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ मध्ये संसदेकडून ५,००० डॉलर मिळवले आणि वॉशिंग्टनमधल्या आपल्या कार्यालयाच्या तळघरात जेवणाची खोली थाटली. बारा धडधाकट तरुण, तिन्ही त्रिकाळ फुकट जेवण. अट एकच : इथे जे वाढले जाईल तेच खायचे. सुरुवात टांकणखारापासून झाली. तो आधी लोण्यात लपवला होता. तरुणांना सुगावा लागला आणि लोणी तसेच पडून राहू लागले. शेवटी लपवाछपवी सोडून सरळ कॅप्सूल हातात दिली. रोज वजन, ताप, नाडी बघायचे. मल-मूत्राच्या बरण्या प्रयोगशाळेत जायच्या. वर्तमानपत्रांनी या मंडळींना ‘पॉयझन स्क्वॉड’ म्हणायला सुरुवात केली. टांकणखाराने डोके दुखायचे, पोट बिघडायचे. फॉर्माल्डिहाइडने तर दाणादाण उडवली.

आजच्या मापाने तो प्रयोग कच्चाच. तुलनेसाठी वेगळा गट नाही, माणसे थोडी, आणि कॅप्सूलमध्ये काय आहे हे गिळणाऱ्याला माहीत. पण लोकमत हलले. ३० जून १९०६ ला शुद्ध अन्न व औषध कायद्यावर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही झाली, त्यात या तळघराचा वाटा मोठा.

वायली अडले ते सोडियम बेन्झोएटवर. त्यांना ते साफ नको होते. हा बेन्झोइक आम्लाचा क्षार. ते आम्ल मुळात लोबानासारख्या डिंकात सापडलेले आणि क्रॅनबेरीत निसर्गतःच असलेले. त्याची शरीरातली वाटही आधीच माहीत झाली होती. १८४२ मध्ये विल्हेल्म केलरने ते स्वतः गिळून लघवी तपासली, तर हिप्युरिक आम्ल बाहेर पडलेले. यकृत त्याला ग्लायसिन या अमिनो आम्लाशी जोडून टाकते आणि ते काही तासांत निघून जाते. रूझवेल्ट यांनी रसायनतज्ज्ञ आयरा रेमसेन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे मंडळ नेमले. १९०९ मध्ये मंडळाने सांगितले की थोड्या प्रमाणात ते अपायकारक नाही. पुढे ०.१ टक्क्याची मर्यादा रूढ झाली. वायली यांनी १९१२ मध्ये राजीनामा दिला. मला वाटते, बेन्झोएटबाबत ते चुकले, पण त्यामागचा त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. स्वच्छ कारखान्याला परिरक्षक कमी लागतात. सडका माल खपवणाऱ्याला ते हवेच असतात.

बेन्झोएटचे काम आंबट पदार्थातच होते. आम्लात त्याचे रेणू विद्युतभाराशिवाय राहतात, म्हणून ते बुरशीच्या पेशीचे आवरण ओलांडून आत शिरतात. आत आम्लता कमी असते, तिथे ते फुटतात आणि पेशी आतून आंबट होऊ लागते. ते आम्ल बाहेर फेकण्यातच तिची शक्ती संपते, वाढायला काही उरत नाही.

मात्र त्याच आंबट पेयात क जीवनसत्त्व असेल, तर उष्णतेने आणि उजेडाने थोडे बेन्झीन तयार होऊ शकते. हे १९९० च्या सुमारास लक्षात आले, मग विस्मरणात गेले आणि २००५-०६ मध्ये पुन्हा वर आले. बहुतेक पेयांत ते नगण्य निघाले, जिथे जास्त होते तिथे कंपन्यांनी घटक बदलले. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट एकत्र दिल्यावर काही मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. पण दोष रंगांचा की बेन्झोएटचा, हे त्या मांडणीत वेगळे काढताच येत नव्हते. युरोपने पुढे वेष्टनावर इशारा सक्तीचा केला तो रंगांसाठी.

सल्फाइटची, म्हणजे गंधकाच्या संयुगांची, गोष्ट छोटी, पण सरळ. गंधकाचा धूर देऊन वाइनची पिंपे शुद्ध करणे जुनेच. १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅलडची पाने ताजी दिसावीत म्हणून सल्फाइट फवारले जाऊ लागले आणि दम्याच्या काही रोग्यांचा जीव गेला. १९८६ मध्ये कच्च्या फळभाज्यांवर ते बंद झाले. इतरत्र १० पीपीएमच्या वर असेल तर लिहावे लागते. बहुतेकांना त्याचे काही होत नाही, पण दमेकऱ्याने ती ओळ वाचलीच पाहिजे.

‘किती चालेल’ हे ठरवण्याची आजची रीत १९५० च्या दशकातली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेची संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ मध्ये प्रथम बसली. प्राण्यांवर ज्या मात्रेपर्यंत काहीच परिणाम दिसत नाही ती घ्यायची आणि साधारणपणे शंभराने भागायची. बेन्झोएटसाठी ती मात्रा किलोमागे ५०० मिलिग्रॅम होती, म्हणून समितीने माणसाला रोज किलोमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, ती २०२१ पर्यंत होती. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला १००, आणि शीतपेये तर मुलेच जास्त पितात.

नायट्राइटची शांतताही त्याच दशकात मोडली. १९५६ मध्ये मॅगी आणि बार्न्स यांनी दाखवले की डायमिथाइल नायट्रोसामीन या रसायनाने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो. नॉर्वेत मेंढ्या यकृत निकामी होऊन मरत होत्या. त्यांना नायट्राइटने टिकवलेल्या हेरिंग माशांचे खाद्य दिले जात होते, आणि १९६४ मध्ये त्यात हाच पदार्थ सापडला. नायट्राइट आणि अमाइन (प्रथिनांपासून बनणारी संयुगे) एकत्र आले, वर उष्णता मिळाली, की तो बनू शकतो. म्हणजे तापल्या तव्यावरचे बेकन आलेच. अमेरिकेने नायट्राइटवर बंदीचा विचार केला आणि सोडून दिला, कारण बोटुलिझम रोखायला दुसरा पर्याय हातात नव्हता. त्याऐवजी बेकनमध्ये १२० पीपीएम नायट्राइटबरोबर ५५० पीपीएम ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचेच एक रूप) किंवा त्याच्यासारखे एरिथॉर्बेट सक्तीचे केले. ते नायट्रोसामीन बनण्याला आळा घालते.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत, टाकले. ‘तंबाखूच्या रांगेत’ असे मथळे झळकले. गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा ते नव्हे. रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज होता, आणि तो पूर्ण मांसाचा, एकट्या नायट्राइटचा नव्हे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नायट्राइटच्या मर्यादा आणखी खाली आणल्या.

आता काही वेष्टनांवर ‘नायट्राइट घातलेले नाही’ असे ठळक छापलेले असते. घटकांच्या यादीत सेलरी या भाजीची पूड असते. सेलरीत नायट्रेट भरपूर, त्यात जिवाणू सोडले की त्याचा नायट्राइट होतो. पोलेन्स्केने १८९१ मध्ये पिंपात पाहिले होते तेच हे. रेणू तोच, मांसातही तसाच वागतो, फक्त यादीत ई-२५०, म्हणजे सोडियम नायट्राइटचा युरोपीय क्रमांक, दिसत नाही.