पार्श्वभूमी : उदयनगरची धर्मभगिनी आणि निरपेक्ष प्रीतीचा वाद

इंदूरच्या ख्रिस्ती मंडळींत निरपेक्ष प्रीतीचा विषय निघाला की बोलणं बायबलातल्या करिंथकरांच्या पत्रापाशी, म्हणजे प्रीतीवरच्या प्रसिद्ध उताऱ्यापाशी, फार वेळ थांबत नाही, थेट देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या रस्त्यावर येतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी तिथून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया या केरळी कॅथलिक धर्मभगिनीवर पन्नासहून अधिक वार झाले. वय ४१. भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या वहीतून बाहेर काढणं, त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेणं, सरकारी योजनांचे हक्क समजावून सांगणं हे तिचं काम. मारेकरी भाडोत्री होता. राग सावकारांचा आणि जमीनवाल्यांचा. एवढं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. तिच्या मरणाला चर्चने कोणत्या खात्यात धरलं आणि त्यावरून काय खल झाला, हे फारसं कुणी सांगत नाही.

'ही सेवा नेमकी कशासाठी?' हा प्रश्न मात्र या शहरात जुना आहे. १८७७ साली कॅनडातले प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट) मिशनरी इंदुरात आले, तेव्हा होळकर दरबाराने त्यांच्या प्रचाराला आडकाठी केली. पुढे कॉलेज निघालं (१८८७), बायकांवर उपचार करायला महिला डॉक्टर आल्या. मराठी घरांनी शिक्षण घेतलं, औषध घेतलं, उपदेश उंबऱ्याबाहेर ठेवला. दानधर्माचं माप इथे अहिल्याबाईंच्या घाटांनी आणि धर्मशाळांनी आधीच ठरवून दिलेलं होतं, हेही विसरून चालणार नाही. मग १८९९-१९०० चा छप्पनचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ आला. 'पग पग रोटी, डग डग नीर' म्हणवणाऱ्या माळव्यात अनाथ पोरांचे लोंढे निघाले. मिशनने त्यातली बरीच मुलं उचलली, जगवली आणि ख्रिस्ती म्हणून वाढवली. जीव वाचवला तो मुलासाठी की चर्चची संख्या वाढवण्यासाठी, असं तेव्हा विचारलं गेलं आणि आजही विचारलं जातं. पोर भुकेने मरत असताना हा प्रश्न विचारणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, असं माझं मत. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

आता मूळ वादाकडे. कॅथलिक परंपरेत एखाद्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचे दोन मुख्य मार्ग चालत आले होते. एक, विश्वासासाठी पत्करलेलं रक्तसाक्षीचं मरण. दुसरा, असामान्य सद्गुणांचं आयुष्य आणि त्यासोबत मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार. रक्तसाक्षीच्या बाबतीत या टप्प्यावर चमत्कार मागत नाहीत, पण मारणाऱ्याच्या मनात विश्वासाबद्दल द्वेष होता हे दाखवावं लागतं. अडचण नेमकी इथे होती. सावकाराला तिच्या प्रार्थनेशी काय देणंघेणं? त्याला बुडणारं व्याज दिसत होतं. तिने आदिवासींना फक्त वधस्तंभाच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर बहुधा ती जगली असती. मग हा खून विश्वासाच्या द्वेषातून झाला की जमीन-पैशाच्या भांडणातून?

या पेचाला उत्तर देणारी विचारधारा तेराव्या शतकापासून आहे. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताने लिहून ठेवलं आहे की देवासाठी केलेलं कोणतंही सत्कृत्य रक्तसाक्षीचं कारण होऊ शकतं. त्याचा दाखला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. योहानाचं शिर गेलं ते विश्वास नाकारायला नकार दिल्याने नव्हे, राजाच्या व्यभिचारावर बोट ठेवल्याने. तरी हा विचार व्यवहारात यायला फार वेळ लागला. २०१५ मध्ये एल साल्वाडोरच्या गरिबांची बाजू घेणाऱ्या, वेदीवरच गोळी घातल्या गेलेल्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरोंना रक्तसाक्षी मानलं गेलं आणि दार जरा जास्त उघडलं. २३ मार्च २०१७ रोजी उदयनगरच्या धर्मभगिनीलाही तोच दर्जा मिळाला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला इंदुरातच तिला 'धन्य' घोषित केलं गेलं.

मौज अशी की या दोन तारखांच्या मधे, ११ जुलै २०१७ रोजी, तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी आणखी एक मार्ग जाहीर केला. मारणाऱ्याचा द्वेष सिद्ध होत नसला, तरी ज्याने प्रीतीपोटी स्वेच्छेने, मरण समोर दिसत असताना प्राण अर्पण केला, त्याचाही विचार व्हावा. मात्र तिथे चमत्कार लागतो. मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, या योहानाच्या शुभवर्तमानातल्या वचनावरून त्या फर्मानाला नाव मिळालं. चार महिन्यांचा फरक पडला असता तर तिचं प्रकरण या वाटेने गेलं असतं का? मला नाही वाटत. तसं झालं असतं तर सावकारीविरुद्धचं काम हे विश्वासाचंच काम आहे, असं म्हणायची जबाबदारी चर्चला टाळता आली असती. २०१७ च्या निर्णयाने ती टाळली नाही. त्यावर टीका करणारे म्हणतात की यामुळे रक्तसाक्षीची व्याख्या सैल झाली. मला ती घट्ट झाल्यासारखी वाटते.

समारंभाच्या गर्दीत दुसरी बाजू थोडी मागे पडली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये मृत धर्मभगिनीची सख्खी बहीण, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. २००६ मध्ये तो सुटला. सुटकेसाठी बहिणीकडूनही विनंती गेली होती. पुढे तो केरळात त्या घरी गेला, तेव्हा आईने त्याला जवळ घेतलं. कुठलाही धर्मपंडित सोडवू शकला नसता असा हा भाग, कारण यात कुणी मेलं नाही आणि कुणाचा हेतू तपासायला नको.

हेतू तपासण्याचं काम इकडे सरकारने घेतलं आहे. १९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने आमिष दाखवून धर्मांतर करणं गुन्हा ठरवलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला आणि दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नाही, असं म्हटलं. २०२१ च्या नव्या कायद्यात प्रलोभनाची व्याख्या वाढली. रोख, वस्तू, नोकरी यांच्यासोबत धार्मिक संस्थेने चालवलेल्या नामांकित शाळेतलं शिक्षणही आता त्या यादीत आहे.