कळसूबाई किल्ला नाहीये, आणि साल्हेर सर्वात उंच शिखर नाहीये

पाऊस सुरू झाला की आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो येतोच. ढगात अर्धवट बुडालेलं छोटंसं देऊळ, बाजूला शिडीचं रेलिंग, आणि वर ठळक अक्षरात 'महाराष्ट्रातील सर्वात उंच किल्ला, कळसूबाई'. खाली पस्तीस जणांचे जय भवानी, जय शिवाजी. मी दरवेळी लिहितो की अहो हा किल्ला नाही, आणि दरवेळी कोणीतरी म्हणतं, काय फरक पडतो दादा, डोंगर तो डोंगर. उलट बाजूनेही तेच. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात साल्हेर होता, तर लगेच पोस्टी सुरू, 'महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर साल्हेर आता जागतिक वारसा'. एकाने तर त्या पोस्टीला फोटो कळसूबाईचा लावला होता. एमपीएससीची पोरं तरी बरी, त्यांना दोन्ही उत्तरं पाठ असतात, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, सर्वात उंच किल्ला साल्हेर. डोंगरात जाणाऱ्यांचाच जास्त घोळ आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

कळसूबाई तुम्हाला माहितीच असेल, महाराष्ट्रात ट्रेक सुरू करणारा माणूस पहिल्या पाच ट्रेकमध्ये ती करतोच. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट, नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर) अकोले तालुका, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी गाव, तिथून वर. मधे लोखंडी शिड्या, वाटेत लिंबू सरबत आणि भजी, शनिवारी रात्री गेलात तर शिडीला दादर स्टेशनच्या जिन्यासारखी लाईन. बस, एवढं पुरे.

साल्हेर १५६७ मीटर, ५१४१ फूट. नाशिक जिल्हा, बागलाण तालुका, म्हणजे सटाण्याकडचा भाग, पलीकडे लगेच गुजरातचं डांग. सटाणा, ताहराबाद, मुल्हेर करत साल्हेरवाडी किंवा वाघांबे या पायथ्याच्या गावात पोचायचं. शेजारी सालोटा, जरा लांब मुल्हेर-मोरा आणि मांगीतुंगीचे सुळके. मुल्हेर आणि साल्हेर हे दोन वेगळे किल्ले आहेत हेही जाता जाता सांगतो, यमक जुळतं म्हणून जोडनाव नाहीये ते.

आता दोघांच्या उंचीत फरक फक्त ७९ मीटरचा. लोक यावरच भांडतात, आणि माझ्या मते हा सगळ्यात फालतू फरक आहे. ७९ मीटर तुमच्या गुडघ्यांना कळतही नाहीत, कारण ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे आणि आपण काही समुद्रापासून चालत येत नाही. दोन्हीकडची पायथ्याची गावं घाटमाथ्यावर, आधीच चांगल्या उंचीवर आहेत. ज्याला खरंच चढाई मोजायची हौस आहे त्याने कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाऊन दाखवावं, माथ्याची उंची कमी असून जीव दुप्पट निघतो. आणि हो, ५४०० हे फूट आहेत, मीटर नव्हेत. मी एका टीशर्टवर ५४०० मीटर छापलेलं पाहिलंय.

खरी गंमत 'शिखर' आणि 'किल्ला' या दोन शब्दांत आहे, आणि इथे जो फसतो तो नुसता क्विझमध्ये फसत नाही, डोंगरावर फसतो.

शिखर हा निसर्गाचा हिशोब. सगळ्यात वरचं टोक कुठलं, संपलं. तिथे माणूस गेला नसता तरी ते सर्वात उंचच राहिलं असतं. किल्ला हा माणसाचा हिशोब. कोणीतरी तो डोंगर बघून ठरवलं की इथे शिबंदी, म्हणजे गडाची फौज, ठेवायची, धान्य साठवायचं, वेढा पडला तर काही महिने तग धरायचा. त्यासाठी नुसती उंची काहीच कामाची नाही. आधी पाणी लागतं. मग माणसं, जनावरं, कोठारं मावतील एवढी सपाटी लागते. मग चारी बाजूंनी कडा लागतो, म्हणजे वर यायच्या वाटा एक-दोनच राहतात आणि तिथे दरवाजा बसवला की झालं. पाणी नसेल तर बाकी सगळं असूनही तो किल्ला होत नाही, आधी पाणी बघायचं आणि मग गड बांधायचा हा सरळ नियम होता.

आता कळसूबाईचा माथा आठवा. छोटं देऊळ, त्याच्याभोवती फिरायला जेमतेम जागा, पाचपन्नास माणसं आली की एकमेकांच्या सेल्फीत येतात. टाकं (कातळात कोरलेला पाण्याचा हौद) नाही, गुहा नाही, दरवाजा नाही, तट नाही, बुरूज नाही. विहीर आहे पण ती शेवटच्या शिडीच्या खाली, माथ्यावर नाही. अशा टोकावर कोण कशाला शिबंदी ठेवेल? ठेवली तरी दहा माणसं ठेवेल, आणि त्यांना पाणी खालून कोण आणून देणार? आणि हे मी उगाच तर्क लढवत नाहीये, पुरावा समोरच उभा आहे. कळसूबाईवरून पश्चिमेकडे बघा, त्याच रांगेत अलंग, मदन, कुलंग दिसतात. तिन्ही कळसूबाईपेक्षा बुटके आणि तिन्ही किल्ले. कुलंगवर तर कातळात कोरलेल्या टाक्यांची रांगच आहे. म्हणजे ज्यांनी किल्ले बांधले त्यांना शेजारचा डोंगर जास्त उंच आहे हे डोळ्याने दिसत होतं, तरी त्यांनी तो सोडून हे घेतले. कारण पाणी आणि सपाटी इथे होती.

आणि साल्हेर बघा. वाघांब्याहून गेलात तर आधी साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीत पोचता, तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागोमाग एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून आडवी जाणारी वाट आणि तिच्यात ओळीने कोरलेल्या गुहा. हे सगळं पार करून वर गेलं की एकदम मोठं पठार लागतं, तिथे गंगासागर तलाव, रेणुकामातेचं मंदिर, मुक्कामाला गुहा. आणि या पठारावर आणखी एक सुळक्यासारखा उंचवटा, त्याच्या टोकावर परशुरामाचं इवलंसं मंदिर. १५६७ मीटर म्हणतात ते या टोकाचे. कळसूबाईसारखंच छोटं टोक, छोटं देऊळ, पण खाली अख्खं पठार आणि तलाव आहे. माझ्यासाठी दोघांतला फरक तो हाच. ते टोक नसतं तरी साल्हेर किल्लाच राहिला असता. तलाव आणि पठार नसतं तर तोही नुसता उंच डोंगर, परशुरामाच्या नावाने जत्रा भरणारा.

हे कळायला मला एक रात्र लागली. कॉलेजात असताना एका ट्रेकला पैसे भरले, आयोजकाच्या मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, 'गडावर मुक्काम, सूर्योदय, नाश्ता'. गड म्हटल्यावर आम्ही काय समजलो? गुहा असणार, टाकं असणार, टेंट कशाला ओझं. डिसेंबर महिना. रात्री अडीचला चाळीस जण कळसूबाईच्या माथ्यावर, देवळात म्हातारी माणसं आधीच बसलेली, आम्ही बाहेर भिंतीला पाठ लावून एका सतरंजीवर नऊ जण, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. माझ्याकडे बाटलीच्या तळाला चार घोट पाणी. आमच्यातला एक जण टॉर्च घेऊन देवळामागे फेऱ्या मारत होता, टाकं कुठाय, टाकं कुठाय, इथे असायला पाहिजे ना. शेवटी एका दुकानवाल्या मामांनी त्याला विचारलं, "कसलं टाकं रे बाबा?" हा म्हणाला, किल्ल्याचं. मामा हसायलाच लागले. "इथं कुठला आलाय किल्ला. ही आई हाय." आणि मग खाली विहिरीकडे बोट दाखवलं, जा म्हणाले, शिडी उतरून.

मामांचं ते वाक्य मला कुठल्याही गाईडबुकपेक्षा बरोबर वाटतं. परिसरातल्या महादेव कोळी लोकांसाठी कळसूबाई म्हणजे देवी, नवरात्रात तिथे जत्रा भरते. गोष्ट सांगतात ती अशी की कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली, अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एकदा घरात खूप पाहुणे आले आणि तिला नेमकं तेच करायला लावलं. तिने ते काम उरकलं आणि डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. मला ही गोष्ट फार आवडते. महाराष्ट्राच्या सर्वात उंच जागेवर कोणी राजा नाही, सेनापती नाही, भांडी घासणार नाही म्हणणारी बाई बसलीय. तिच्यावर उगाच तट-बुरूज लादायचे आणि 'गड' म्हणून घोषणा द्यायच्या याचा मला राग येतो तो यासाठी. इतिहास नसलेल्या जागेला इतिहास चिकटवला की तिचं जे आहे तेही झाकलं जातं.

आणि साल्हेरला शिखर म्हटलं की उलटा अन्याय, तिथे खरोखरचा इतिहास आहे तो गायब होतो. बागुल राजांचं बागलाण, मग १६३८ मध्ये मुघलांकडे, १६७१ च्या सुरुवातीला महाराजांनी घेतला. मग मुघलांच्या इखलासखान आणि बहलोलखानाने वेढा घातला आणि १६७२ च्या फेब्रुवारीत मोरोपंत पिंगळे एकीकडून आणि प्रतापराव गुजर दुसरीकडून चालून आले. सूर्याजी काकडे याच लढाईत पडले. इथेही एक छोटा घोळ आहे, लोकांना वाटतं लढाई गडावर झाली. नाही, गडाखालच्या मोकळ्या मैदानात झाली, आणि तिचं महत्त्वच ते आहे. मराठे म्हणजे गनिमी कावा, डोंगराआड लपून छापे, असं जे धरून चालतात त्यांनी साल्हेरच्या माथ्यावरून खाली बघावं, उघड्यावर समोरासमोर मुघली फौज मोडली ती जागा तिथे पसरलेली दिसते.

तिसरा घोळ पटकन. 'सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर कळसूबाई'. महाराष्ट्रापुरतं बोलत असाल तर बरोबर. पण सह्याद्री म्हणजे अख्खा पश्चिम घाट धरला तर मान केरळातल्या अनामुडीचा. २६९५ मीटर, इराविकुलम राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून उंच. मधल्या कर्नाटकातलं मुळ्ळयनगिरीसुद्धा १९०० च्या पुढे आहे. म्हणून 'महाराष्ट्रातलं' हा शब्द खाऊ नका, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. आणि कळसूबाईला 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. ८८४८ मीटर कुठे आणि आपण भजी खात चढतो तो डोंगर कुठे. आपल्या डोंगराचं कौतुक करायला नेपाळातून नाव उसनं आणायची काय गरज आहे?

मग करायचं कुठलं? कोणी विचारलं तर मी डोळे झाकून साल्हेर सांगतो, नोव्हेंबर ते जानेवारी, एक रात्र वर गुहेत काढून. वाघांब्याने चढा, साल्हेरवाडीला उतरा, जेवणाचं गावात आधी सांगून ठेवा कारण वाटेत भजीवाले नाहीत. तलावाचं पाणी गाळून, उकळून घ्या. संध्याकाळी परशुरामाच्या टोकावर बसा, याच टोकावरून त्याने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं अशी कथा आहे, आणि तिथला वारा अंगावर घेतला की ती खरीच वाटायला लागते. कळसूबाई करायची तर मधल्या वारी करा, शनिवार टाळा, किमान तीन लिटर पाणी प्रत्येकाचं प्रत्येकाने घ्या आणि वर मुक्काम करायचाच असेल तर टेंट न्या, गुहा शोधत बसू नका.

मी आता एक मेसेजच सेव्ह करून ठेवलाय. 'कळसूबाई १६४६, शिखर. साल्हेर १५६७, किल्ला.' फोटो आला की चिकटवून द्यायचा. परवा चिकटवला तर पाच मिनिटांत पुण्याच्या एकाचा रिप्लाय, "मग तोरणा सर्वात उंच किल्ला आहे म्हणतात तो?" पुणे जिल्ह्यातला, भाऊ. पुणे जिल्ह्यातला.