हवेचा टायर: पेटंट गेलं, कडा उरल्या

1888 सालचा बेलफास्टचा किस्सा, पोराच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवणारा जनावरांचा डॉक्टर बाप, म्हणजे डनलॉप वगैरे, सगळ्यांना पाठ आहे, तो सोडतो. 1889 मध्ये हे जाडजूड टायर शर्यती जिंकायला लागले, डब्लिनमध्ये ते बनवणारी कंपनी निघाली आणि 1890 मध्ये डनलॉपचं पेटंटच बाद झालं, कारण 1845 मध्येच दुसऱ्या एका स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलेलं, घोडागाडीसाठी, आत रबर लावलेलं कापड, वरून चामडं, लंडनच्या बागेत चालवूनही दाखवलं होतं.

हा निकाल अन्यायाचा होता असं बरेच जण म्हणतात. मला नाही वाटत. कल्पना जुनीच होती, फक्त 1845 ला पायडलची सायकलच नव्हती, मग घेणार कोण? आणि खरं सांगायचं तर बेलफास्टचा टायर तसा गैरसोयीचाच होता, कॅनव्हास आणि सोल्युशननं रिमला चिकटवलेला, पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून परत चिकटवायचं.

खरी गंमत त्याच 1890 मध्ये झाली. एका इंग्रज माणसानं टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिमला मधे खोलगट केलं, म्हणजे एका बाजूची कड खोलात दाबली की समोरची रिमवरून उचलून काढता येते. त्यानंतर काही आठवड्यांतच एडिंबरात दुसरं पेटंट, तिथं तार नाहीच, टायरची जाड रबरी कड रिमच्या आत वळलेल्या ओठात अडकते आणि हवा भरली की घट्ट बसते, हवा कमी झाली तर मात्र निसटायची. डब्लिनच्या त्या कंपनीनं दोन्ही हक्क विकत घेतले! पहिलं पेटंट गेल्याचं नुकसान तिथंच भरून निघालं, 1896 मध्ये 30 लाख पौंडांना गेलेली तीच कंपनी लगेच 50 लाखांना बाजारात आणली गेली. नाव मात्र लोकांच्या तोंडी 1888 वाल्याचंच राहिलं.

फ्रान्सनं 1891 मध्ये स्वतःचा, रिमवरून काढता येणारा टायर आणला आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची पहिली शर्यत त्याच्यावरच जिंकली गेली. ट्यूबभोवती शिवलेला, रिमला चिकटवायचा टायर शर्यतवाल्यांनी पुढं कितीतरी वर्षं धरून ठेवला, हलका म्हणून. एडिंबरावाल्या प्रकाराचं क्लिंचर हे नाव आज सर्रास तारवाल्या टायरला लावतात, त्यामुळे जुने कॅटलॉग वाचताना डोकं फिरतं.

आणि आपल्या काळ्या सायकलींचा तो रबरी नळीवाला व्हॉल्व्ह? तोही त्याच धामधुमीतला, 1891 चा.