‘एका सेशनचे किती?’ एवढंच विचारू नका

आमच्या समुपदेशन केंद्राचा फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एका सेशनचे किती?” आम्ही आकडा सांगतो. पलीकडे जरा शांतता, मग “बरं, घरी विचारून सांगते.” त्यातले बरेच फोन परत येत नाहीत. आणि जे येतात, त्यांच्यातल्या काहींची गाडी तिसऱ्या भेटीला अडते. म्हणून हे पत्रक.

प्रश्न चुकीचा नाही, अर्धवट आहे. समुपदेशन एका बैठकीत उरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सामान्य ताणतणावासाठी २०१६ साली प्रसिद्ध केलेला छोटेखानी कार्यक्रमसुद्धा पाच आठवड्यांच्या पाच भेटींचा आहे. नैराश्य किंवा चिंतेसाठी सीबीटी पद्धतीने (म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलत) काम करायचं तर सहापासून वीसपर्यंत भेटी लागू शकतात. तेव्हा हिशोब भेटीचा नको, महिन्याचा करा. पहिल्या फोनवरच सांगा: “महिन्याला माझ्याकडून एवढेच निघतील, यात काय बसतं?” हे वाक्य ऐकून आमच्याकडे कुणी भुवया उंचावत नाही. उलट आमचं काम सोपं होतं.

हे न सांगितल्याने काय होतं, ते आम्ही दर आठवड्याला बघतो. पहिली भेट पूर्ण फी भरून होते. दुसरी ओढाताण करून. तिसऱ्या वेळी अकराची अपॉइंटमेंट असते. समुपदेशक फाइल उघडून बसलेली, टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. अकरा दहा होतात, अकरा पंचवीस होतात. फोन उचलला जात नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच व्यक्तीचा मेसेज येतो: “ताई, तेव्हा हात तंग होता. सांगायला कसंतरीच वाटलं.”

आमचा तास वाया गेला, हे दुःख आहेच. त्याच तासासाठी वेटिंग लिस्टवरच्या कुणाला तरी आम्ही पुढची तारीख दिलेली असते. पण खरं नुकसान तुमचं होतं. पहिल्या दोन भेटी बव्हंशी ऐकण्यात आणि समजून घेण्यात जातात. तिथेच थांबलात तर सगळं उकरून झालं आणि हाती काहीच लागलं नाही, अशी गत होते. मग माणूस म्हणतो, “काउन्सेलिंग करून बघितलं, काही उपयोग नाही.”

आधी सांगितलंत तर मार्ग निघतात. आमची फी उत्पन्नाप्रमाणे कमी होते. त्यासाठी पगाराची स्लिप मागत नाही, तुमच्या शब्दावर ठरवतो. याचा गैरफायदा कुणी घेत असेलही. पण गरजवंताला कागद दाखवायला लावण्यापेक्षा ते परवडलं. सुरुवातीच्या भेटी दर आठवड्याला आणि मग पंधरवड्याने, असंही करता येतं. गटातलं समुपदेशन त्याहून स्वस्त पडतं. मध्येच नोकरी गेली तर फी मध्येच बदलता येते, फक्त बोला.

सवलतीबद्दलच एक गंमत. पहिल्या भेटीत आम्ही नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती वगैरे. त्रास जितका जास्त तितके गुण जास्त, जास्तीत जास्त बेरीज २७. काहीजण सवलत मिळावी म्हणून तिथे मुद्दाम वरचे आकडे टाकतात! सवलत तुमच्या खिशावर ठरते, गुणांवर नाही. गुण फुगवलेत तर पुढच्या महिन्यात फरक पडला की नाही, हेच कळणार नाही.

सर्वांत कमी फी आमच्या प्रशिक्षणार्थी समुपदेशकांकडे असते, आणि नेमका तोच पर्याय लोक झटकतात. “शिकाऊ नको हो.” शंका स्वाभाविक आहे, पण थोडं ऐका. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण पद्धतशीर प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांबरोबर सहा ते आठ भेटी काम केलं. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ह्या भेटी मिळालेल्यांना जास्त फरक पडला. तो अभ्यास २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. झिम्बाब्वेत तर दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून आज्या हे काम करतात, आणि त्याचेही चांगले निष्कर्ष छापून आलेत. दोन्हीकडे या समुपदेशकांच्या पाठीशी नियमित देखरेख होती. आमच्याकडेही प्रत्येक प्रशिक्षणार्थीची केस दर आठवड्याला वरिष्ठांसमोर मांडली जाते, तुमचं नाव न घेता. म्हणजे एका फीमध्ये दोन डोकी लागतात, असं आम्ही समजतो.

“मग फुकटच का नाही?” हेही विचारलं जातं. जागेचं भाडं आणि पगार आहेत, आणि पूर्ण फी भरणाऱ्यांमुळेच सवलतीच्या जागा टिकतात. अगदीच जमत नसेल तर आमच्याकडेच या असा हट्ट नाही. सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभाग किंवा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचं समुपदेशन केंद्र यांची चौकशी करा. विचारलंत तर जवळचं आम्हीही शोधून देऊ.

औषधं आम्ही देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. जीव द्यायचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा कित्येक रात्री डोळ्याला डोळा नसेल तर आमच्या तारखेची वाट बघू नका. थेट रुग्णालय गाठा, सोबत कुणाला तरी घ्या. भेटी नंतर सुरू करता येतील. आमच्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही, पण जिवाला धोका दिसला तर आम्ही घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवतो, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

भेट ५० मिनिटांची असते, उरलेली १० टिपणांसाठी. उशिरा आलात तर तुमच्यानंतरच्या माणसाची भेट पुढे सरकत नाही. यायला जमणार नसेल तर २४ तास आधी मेसेज टाका. “उद्या जमत नाही” एवढं पुरे, कारण लिहायची गरज नाही. आणि कारण पैशाचं असेल तर तोच मेसेज “फीबद्दल बोलायचंय” असा लिहा. तुमची वेळ आम्ही राखून ठेवू आणि आधी फोन करू.