टर्नटेबलमधली ‘घूं’ आणि मिलिव्होल्टचं गणित

टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, तबकडीवर सुई टेकायच्या आधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा एकसुरी आवाज येऊ लागतो आणि व्हॉल्यूमबरोबर तोही वाढतो. बरेच जण मग महागडा टर्नटेबल शोधायला लागतात. तो खर्च बहुतेक वेळा टाळता येतो, कारण खोट अनेकदा एखाद्या सैल वायरीत असते.

सुई खाचेतून धावते तेव्हा कार्ट्रिजमधलं (सुई बसवलेल्या छोट्या डबीतलं) इवलंसं चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ थरथरतं आणि वीज तयार होते, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. म्हणून मध्ये फोनो प्रीॲम्प लागतो, जो हा सिग्नल साधारण शंभरपट करतो. त्यातही एक मेख आहे. खर्जाचे स्वर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच फार रुंद होईल, म्हणून तबकडी कापताना ते दाबतात आणि वाजवताना पुन्हा उचलतात. १९५४ पासून यासाठी ‘आरआयएए’ या अमेरिकी रेकॉर्डिंग उद्योगाच्या संघटनेचं प्रमाण आहे. त्यानुसार ५० हर्ट्झला (सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराला) आणखी सुमारे सातपट उचल मिळते, म्हणजे एकूण सातशेपट! घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची (अमेरिकेत ६०). वायरीत शिरलेला विजेचा कणभर अंशसुद्धा मग स्पीकरपर्यंत दणदणीत पोहोचतो.

शोध घ्यायचा तो एकेक दुवा वगळत. वायर काढण्या-लावण्याआधी ॲम्प्लिफायर बंद करायला विसरू नका. आधी ॲम्प्लिफायरचा सिलेक्टर, म्हणजे इनपुट निवडायची कळ, दुसऱ्या इनपुटवर न्या. आवाज तसाच राहिला तर टर्नटेबल निर्दोष आहे. फक्त फोनोवरच (टर्नटेबलच्या इनपुटवरच) येत असेल तर टर्नटेबलमागची बारीक अर्थची वायर पाहा. ती टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या दांडीचा) धातूचा भाग प्रीॲम्पच्या स्क्रूला जोडते. स्क्रू सैल असणं किंवा टोक गंजलेलं असणं हे नेहमीचं कारण. (प्रीॲम्प आतच असलेल्या टर्नटेबलला ही वायर बऱ्याचदा नसते.) एकाच बाजूच्या स्पीकरमधून आवाज येत असेल तर कार्ट्रिजच्या चार तारा तपासा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची.

अर्थची वायर जोडल्यावर आवाज उलट वाढला, तर अर्थला दोन वाटा मिळून वळसा, म्हणजे ग्राउंड लूप तयार झालेला असतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा, टीव्ही किंवा कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरी एकेक करून काढून बघा. मात्र प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. ती आवाजासाठी नाही, उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर जीव वाचवण्यासाठी असते.

टोनआर्म हाताने उचलून आत नेताना आवाज बदलतो का, हेही ऐका. बदलत असेल तर कार्ट्रिज मोटारीच्या किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात सापडलंय. थोडं लांब गेलं की अशा ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, अंतर दुप्पट केलं की साधारण एक अष्टमांश उरतं. टर्नटेबल हातभर सरकवून पाहायला पैसे लागत नाहीत. जुन्या ॲम्प्लिफायरचा कर्कश ‘झर्रर्र’ हा १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचा असतो, त्यामागे बहुधा पॉवर सप्लायचे थकलेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते, म्हणून ते काम जाणकार मेकॅनिकचंच.

कमी पैशांत संच जुळवायचा तर सर्वांत मोठा वाटा स्पीकरना द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. वॅटच्या आकड्यांना भुलू नका. एका वॅटला एका मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ डेसिबलवाल्याला ४० वॅट लागतात. चांगल्या स्थितीतला सेकंडहँड ॲम्प्लिफायर घ्या, जुन्यांमध्ये बहुधा फोनो इनपुट असतोच. पण टर्नटेबलमध्येही प्रीॲम्प असेल तर दोन्ही एकदम वापरू नका, आवाज फाटतो. जुन्या टर्नटेबलला नवी सुई बसवा, झिजलेली सुई तबकड्या खराब करते.

स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर नसावेत. स्पीकरची कंपनं सुईत शिरून पुन्हा स्पीकरमध्ये येतात आणि वाढत जातात. हा आवाज विजेचा नाही, त्यामुळे अर्थिंग कितीही तपासलं तरी तो जात नाही. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवा आणि व्हॉल्यूम अगदी हळूहळू वाढवा. घुमणारा आवाज आपोआप चढू लागला तर लगेच व्हॉल्यूम खाली आणा आणि स्पीकर वेगळ्या स्टँडवर हलवा.