दोन मिनिटांत विरघळणारं हॉर्मोन

ओझेम्पिक, मौंजारो ही डायबेटिसच्या आणि वजन उतरवायच्या इंजेक्शनांची नावं आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे काल-परवाचं खूळ आहे. खरं तर सुरुवात १९०२ ची, लंडनमधल्या एका कुत्र्यापासून. बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी त्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याकडे जाणारे मज्जातंतू कापून टाकले, मग तिथे ॲसिड सोडलं, तरी स्वादुपिंडातून रस ठिबकायला लागला. तार तोडलीये तर निरोप गेला कसा? मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि ॲसिड घालून घोटलं, गाळून शिरेत टोचलं, पुन्हा रस! म्हणजे निरोप रक्तातून जातो. १९०५ मध्ये स्टार्लिंगनेच त्याला ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला.

१९०६ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी आतड्याचा अर्क डायबेटिसच्या पेशंटना पाजूनही पाहिला, इन्सुलिन यायला अजून १५ वर्षं होती. मग १९६४ मध्ये पक्कं कळलं की तेवढंच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिलं की इन्सुलिन जास्त सुटतं, म्हणजे आतडं आधीच वर्दी देतं.

ही वर्दी देणारं जीएलपी-१ हे हॉर्मोन ऐंशीच्या दशकात बोस्टनमध्ये हेबनर, स्वेतलाना मोयसोव्ह आणि कोपनहेगनमध्ये होल्स्ट यांच्या कामातून हाती आलं. (मोयसोव्हबाईंचं नाव बरीच वर्षं कुणी घेत नव्हतं, २०२४ च्या लास्कर या वैद्यक संशोधनातल्या मोठ्या पुरस्काराने ते जरा भरून निघालं.) पण खरी गोची पुढेच होती, हे हॉर्मोन रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचा फडशा पाडतं.

तोड निघाली एका विषारी सरड्यात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या सरकारी हॉस्पिटलात जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच पण टिकाऊ रसायन सापडलं. पेटंट घ्यायला सरकारी खात्याला रस नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच घेतलं. त्यावरून केलेलं इंजेक्शन २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, दिवसातून दोनदा टोचायचं. पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कने रेणूला फॅटी ॲसिडचं शेपूट लावलं की तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून बसतो आणि जास्त टिकतो, म्हणून इंजेक्शन आधी रोज एक, मग २०१७ मध्ये आठवड्याला एक, तेच ओझेम्पिक.

आपल्याकडे मात्र जास्त पसरली ती दुसरी फांदी, त्या डीपीपी-४ एन्झाइमलाच रोखणाऱ्या गोळ्यांची. त्यातल्याच व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या अखेरीस संपलं आणि गोळीचा भाव धाडकन खाली आला. घरातल्या कुणाच्या स्ट्रिपवर शेवटी ‘ग्लिप्टिन’ लिहिलेलं दिसलं तर तीही याच घराण्यातली.