रक्ताच्या रिपोर्टमधली अक्षरं आली कुठून?

सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी), ईएसआर, एमसीव्ही, एसजीपीटी... रक्ताचा रिपोर्ट उघडला की आधी दिसतात ती ही अक्षरं, आणि त्यांच्यापुढे एखादा ठळक छापलेला आकडा असला की काळजात धस्स होतं. ही सगळी नावं कुणी एका बैठकीत ठरवलेली नाहीत. ती जवळपास शंभर वर्षांत एकेक करून साठत गेली, आणि त्यांतली बरीच आजाराची नसून मोजण्याच्या पद्धतीची आहेत. माझ्या मते रिपोर्ट समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी.

पांढऱ्या पेशींचं बघा. 1870च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत पॉल एर्लिश रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून त्यावर निरनिराळे रंग चढवून बघत होते. काही पेशींतल्या कणांनी इओसिन हा आम्लधर्मी रंग धरला, त्या इओसिनोफिल. अल्कधर्मी रंग धरणाऱ्या बेसोफिल, आणि उदासीन रंग घेणाऱ्या न्यूट्रोफिल. पेशी शरीरात काय काम करते, याचा या नावांत पत्ताच नाही. ते काम पुढे हळूहळू उलगडत गेलं. रिपोर्टमधलं डीएलसी म्हणजे याच प्रकारांची टक्केवारी. ती टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येबरोबरच वाचायला हवी. न्यूट्रोफिल 70 टक्के हे ऐकायला ठीक वाटतं. पण एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पेशीच 2000 असतील तर न्यूट्रोफिल भरतात फक्त 1400, आणि ते कमी आहेत.

एमसीव्हीची गोष्ट मला सगळ्यांत रोचक वाटते. 1929 मध्ये मॅक्सवेल विंट्रोब या अमेरिकी डॉक्टरांनी खुणा आखलेली एक अरुंद नळी वापरात आणली. तीत रक्त भरून वेगाने फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात, आणि त्यांनी किती टक्के जागा व्यापली ते थेट वाचता येतं. तेच पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट. समजा ते 45 टक्के आलं आणि लाल पेशी एका मायक्रोलिटरमध्ये 50 लाख निघाल्या, तर भागाकार करून एका पेशीचं सरासरी आकारमान येतं 90 फेम्टोलिटर (लिटरचा अतिसूक्ष्म अंश). हेच एमसीव्ही. ॲनिमियाचं कारण शोधायला यामुळे दिशा मिळाली: लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-12 किंवा फोलेट कमी पडलं की मोठ्या.

मग 1953 मध्ये वॉलेस कूल्टर यांना त्यांच्या पेशीमोजणीच्या युक्तीचं पेटंट मिळालं. पेशी मिठाच्या द्रावणातून बारीक छिद्रापलीकडे जाताना विजेला क्षणभर अडथळा करते. पेशी जितकी मोठी, तितका अडथळा मोठा. या तत्त्वावरच्या यंत्रांत गणित उलटं झालं. एमसीव्ही थेट मोजलं जातं आणि हिमॅटोक्रिट त्यावरून काढलं जातं. अक्षरं मात्र विंट्रोब यांच्याच काळातली राहिली.

ईएसआर, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याच्या वेगाची तपासणी, त्याहून जुनी. पोलंडचे एडमंड बिएर्नात्स्की यांनी 1897 मध्ये तिचं महत्त्व दाखवलं. पुढे स्वीडनच्या फोरेअस आणि वेस्टरग्रेन यांनी तिला आजचं रूप दिलं. उभ्या नळीत रक्त तासभर तसंच ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. सूज किंवा संसर्ग असताना रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटून चळत होते आणि लवकर खाली बसते. पण ॲनिमियात, गरोदरपणात आणि वाढत्या वयातही हा आकडा वाढतो. त्यामुळे एकट्या ईएसआरवरून कुठलाही आजार ठरत नाही.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या दोन एन्झाइमांची नावं 1950च्या दशकातली. पुढे एन्झाइमांची नावं बदलली आणि त्यांचं अनुक्रमे एएसटी आणि एएलटी झालं. एका रिपोर्टवर एसजीपीटी आणि दुसऱ्यावर एएलटी दिसलं, तर ती एकच तपासणी आहे.

एचबीएवनसी, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, यातला 'सी' हासुद्धा एक अनुक्रमच. 1958च्या सुमारास हिमोग्लोबिनचे घटक वेगळे करताना जे छोटे भाग निघाले त्यांना ए, बी, सी अशी ओळख मिळाली. मधुमेहात यातला 'सी' भाग वाढलेला असतो, हे सॅम्युअल रहबर यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तोवर तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते; म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतो. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहाच्या निदानासाठी 6.5 टक्के ही मर्यादा मान्य केली.

राहिला 'नॉर्मल रेंज'चा रकाना. 1969 मध्ये ग्रेसबेक आणि सारिस या फिनलंडच्या संशोधकांनी 'नॉर्मल'ऐवजी 'रेफरन्स व्हॅल्यू' म्हणावं असं सुचवलं, आणि ते अगदी रास्त होतं. ही रेंज बहुधा निरोगी माणसांमधल्या मधल्या 95 टक्क्यांची असते, म्हणजे उरलेले 5 टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के येते. शिवाय रेंज यंत्रानुसार आणि पद्धतीनुसार बदलते, आणि एककंही सगळीकडे सारखी नसतात: ग्लुकोज एका ठिकाणी 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर छापलं जातं, तर दुसरीकडे तेच 7 मिलिमोल प्रति लिटर.